फुगडी (कुडाळ परिसर)

फुगडी हा महाराष्ट्र आणि गोवा या प्रदेशांतील स्त्रियांचा पारंपरिक नृत्यखेळ आहे. दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या राहून, एकमेकींचे हात धरून स्वतःभोवती वेगाने गिरक्या घेतात, हे त्याचे सर्वपरिचित रूप होय. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यात व लगतच्या मालवण, सावंतवाडी आणि वेंगुर्ले या तालुक्यांत फुगडी प्रामुख्याने भाद्रपदातील गणेशचतुर्थीच्या दिवसांत खेळली जाते. येथे फुगडी या शब्दात केवळ गिरकी अभिप्रेत नाही. फेर धरून, टाळ्या वाजवून, वाकून व उठून म्हटलेली गाणी आणि शेवटी घेतलेल्या गिरक्या अशा संपूर्ण खेळाला हे नाव आहे. वाडीतील स्त्रियांना एकत्र आणणारा, माहेरवाशिणींच्या भेटीगाठी घडवणारा आणि मनातील सुखदुःख गाण्यातून बोलू देणारा प्रसंग म्हणून या खेळाला सामाजिक महत्त्व आहे.

खेळाचे स्वरूप

दोघी खेळाडू पावले जुळवून समोरासमोर उभ्या राहतात. उजव्या हाताने उजवा आणि डाव्या हाताने डावा हात धरल्यामुळे हातांची फुली होते. मग पावले एकमेकींजवळ ठेवून दोघीही मागे झुकतात आणि लहान लहान पावले टाकीत फिरू लागतात. गती वाढली की मुखाने ‘फू’ असा तालबद्ध उद्गार काढला जातो. तोंडाने असा ताल धरण्यास ‘पकवा’ घालणे म्हणतात.

फिरताना प्रत्येकीचे शरीर बाहेर फेकले जाऊ पाहते आणि जोडीदारणीच्या हाताची ओढ तिला आत धरून ठेवते. दोघींच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती हे भ्रमण होते. त्यामुळे एक खेळाडू वजनाने जड असेल, तर तिचे वर्तुळ लहान आणि हलक्या खेळाडूचे वर्तुळ मोठे असते. एकीने हात सोडल्यास दुसरी हमखास पडते. म्हणूनच फुगडीत बळापेक्षा पकडीला व परस्परांवरील विश्वासाला अधिक मोल आहे. अनुभवी स्त्रिया नवख्या मुलींना प्रथम हात घट्ट धरण्यास आणि नंतर न घाबरता मागे झुकण्यास शिकवतात. थांबताना एकाएकी न थांबता गती हळूहळू कमी करावयाची असते.

पारंपरिक फुगडीत वाद्यांची साथ नसते. टाळ्या, पावलांचा ठेका, बांगड्यांचा नाद आणि पकवा यांतूनच ताल साधला जातो.

प्रकार

हातांची पकड, शरीराची ठेवण आणि खेळणाऱ्यांची संख्या यांवरून फुगडीचे अनेक प्रकार पडतात.

साधी फुगडी : हातांची फुली करून उभ्याने घातलेली फुगडी.
दंड फुगडी : मनगटाऐवजी एकमेकींचे दंड धरून घातलेली फुगडी.
एक हाताची फुगडी : एकच हात धरून व दुसरा हात कमरेवर ठेवून घातलेली फुगडी.
नखुल्या फुगडी : केवळ बोटे एकमेकींत अडकवून घातलेली फुगडी. हिच्यात पकड सुटण्याचा संभव अधिक असल्याने हा प्रकार कौशल्याचा मानला जातो.
बस फुगडी : उकिडवे बसून, पाय आळीपाळीने पुढे टाकीत खेळलेली फुगडी. गुडघ्यांची ताकद व दम यांची हिच्यात कसोटी लागते.
चौघींची फुगडी : दोन जोड्यांनी परस्परांच्या हातांवरून हात गुंफून एकत्र घातलेली फुगडी.

यांखेरीज झिम्मा, पिंगा आणि कोंबडा हे खेळही त्याच बैठकीत खेळले जातात. देशावर मंगळागौरीच्या जागरणात हेच खेळ श्रावणात रंगतात. गोव्यात फुगडीची स्वतंत्र आणि समृद्ध परंपरा असून, कळशी हातांत घेऊन घातली जाणारी कळशी फुगडी हा तेथील एक वैशिष्ट्यपूर्ण प्रकार आहे.

साहित्यातील उल्लेख

फुगडीचे जुने उल्लेख मराठी संतवाङ्मयात आढळतात. संत एकनाथांनी लोकांच्या परिचयाचे खेळ व सोंगे यांवर भारुडे रचली, त्यांत फुगडीचाही समावेश आहे. संत तुकारामांच्या गाथेतही फुगडीवरील अभंग आहेत. या रचनांत खेळातील गिरकी हे अध्यात्माचे रूपक झाले आहे. ज्या अर्थी संतांनी उपदेशासाठी हा खेळ निवडला, त्या अर्थी तो त्यांच्या काळी सर्वसामान्यांच्या नित्य परिचयाचा असला पाहिजे. पंढरीच्या वारीत आजही स्त्रिया आणि पुरुष दोघेही फुगडी घालतात. तेथे वय, जात किंवा अधिकार यांचा विचार न करता समोर येईल त्याचा हात धरला जातो.

कुडाळ परिसरातील चवथ आणि फुगडी

गणेशचतुर्थीला या भागात ‘चवथ’ म्हणतात. आषाढातील भातलावणी आणि त्यानंतरची बेणणी आटोपलेली असते आणि कापणी अजून दूर असते. शेतकरी कुटुंबातील स्त्रीला वर्षात मिळणारा हा मोजक्या उसंतीचा काळ होय. नोकरीनिमित्त मुंबईस गेलेली मंडळी, म्हणजे चाकरमानी, याच वेळी गावी येतात. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यानंतर कुडाळ स्थानकामुळे हे येणे-जाणे अधिक सोयीचे झाले.

गणपती दीड, पाच, सात, नऊ किंवा अकरा दिवसांचा असतो. काही घरांत तो एकवीस दिवसही ठेवतात. संध्याकाळची आरती झाल्यावर वाडीतील पुरुष घरोघर भजनास जातात आणि स्त्रिया फुगड्यांसाठी जमतात. पावसाने उघडीप दिल्यास शेणाने सारवलेले खळे, म्हणजे घरापुढील अंगण, हे खेळाचे स्थान असते. पाऊस असल्यास गणपतीसमोरील माजघरात किंवा पडवीत फेर धरला जातो. एका घरचा खेळ आटोपला की सर्वजणी पुढील घरी जातात. आज जिच्याकडे खेळावयाचे, तिने उद्या इतरांकडे जावयाचे, असा हा अलिखित व्यवहार आहे. यजमानीण काळ्या वाटाण्यांची उसळ, करंज्या, लाडू आणि चहा देऊन सर्वांचा पाहुणचार करते.

फुगडीसाठी औपचारिक निमंत्रण नसते. फेरात उभी असलेली स्त्री कडेला बसलेलीला हात धरून उठवते आणि उठवलेलीने आढेवेढे घेत का होईना, उठावयाचे असते. खेळताना जावाजावांची, नणंद-भावजयीची किंवा सासू-सुनेची जोडी लागली की बघणाऱ्यांत हशा पिकतो. घरातील मानपान काही क्षण बाजूला ठेवण्याची ही समाजमान्य सवलत आहे.

गौरीपूजनाचा दिवस विशेष उत्साहाचा असतो. गौरीचे आवाहन अनुराधा, पूजन ज्येष्ठा आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. नवविवाहितेचा पहिला ओवसा याच वेळी होतो. फळे, पाने व इतर वस्तूंनी भरलेली सुपे गौरीसमोर ओवसल्यानंतर ती वडीलधाऱ्यांना दिली जातात. नव्या सुनेची वाडीतील स्त्रियांशी खरी ओळख पुष्कळदा त्या रात्रीच्या फुगडीतच होते.

गाणी

एक स्त्री गाणे सांगते आणि इतरजणी तिची ओळ उचलून धरतात. गाण्याची गती आरंभी संथ असते. पुढे ती वाढत जाते आणि शेवटी गाणे थांबून केवळ पकवा व गिरक्या उरतात. गाणे सांगणारीला मोठा साठा मुखोद्गत असावा लागतो, तसेच जमलेल्या मंडळींना अनुसरून ऐन वेळी नवी कडवी जोडण्याचे भानही असावे लागते.

गणपती व गौरी यांचे आगमन, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, सासुरवास, सवतीमत्सर, शेतीची कामे आणि मुंबईस गेलेला नवरा हे या गाण्यांचे नेहमीचे विषय आहेत. पतीचे नाव उखाण्यात गुंफून घेणे आणि एकमेकींची थट्टा करणे हाही खेळाचा भाग असतो. जी तक्रार सासरी उघडपणे करता येत नसे, ती गाण्यातील अनाम सुनेच्या तोंडी घालून सासूच्या देखतच मांडता येई. सासूही कधीकाळी तेच गाणे गात आलेली असल्याने तिला त्यात आक्षेप घेण्याजोगे काही दिसत नसे. स्त्रीगीतांच्या अभ्यासात या दुहेरी अर्थाला महत्त्वाचे स्थान आहे.

ही गाणी प्रमाण मराठीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत तसेच मालवणीतही आहेत. मालवणीला कुडाळी असेही नाव आहे. भाषाशास्त्रज्ञ अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणातील एक खंड कुडाळी बोलीस वाहिला असून तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. बोलचालीतून मागे पडलेले शेतीचे, भांड्यांचे व नात्यांचे अनेक शब्द फुगडीच्या गाण्यांत टिकून राहिले आहेत.

सामाजिक मर्यादा

फुगडीचे वर्तुळ सर्वांना सारखेच खुले होते असे म्हणता येत नाही. कोकणातील वाड्या बहुधा जातिसमूहांनुसार वसलेल्या असल्याने, फेरही पूर्वी त्या त्या वाडीपुरताच राहत असे. गौरीचे विधी सुवासिनींशी जोडलेले आहेत. फुगडी हा विधी नसून खेळ आहे. तथापि रूढीच्या दडपणामुळे अनेक घरांत विधवा स्त्रिया फेरात न उतरता कडेला बसत. ज्यांच्याकडे गाण्यांचा सर्वांत मोठा साठा असे, अशा वृद्ध स्त्रियांपैकी अनेकजणी याच वर्गातील असत. त्या बसल्या जागेवरून गाणे सांगत आणि इतरजणी त्यावर नाचत.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हळदीकुंकू, ओवसा आणि फुगडी यांसारख्या प्रसंगी कोणाला हात धरून उठवावयाचे, हा प्रश्न अशा ठरावांच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीशी थेट निगडित आहे.

बदलते स्वरूप

दूरचित्रवाणीचा प्रसार, लहान झालेली कुटुंबे आणि शिक्षण व नोकरीसाठी होणारे स्थलांतर यांमुळे घरोघरच्या फुगड्या कमी झाल्या. २०२० आणि २०२१ या वर्षी करोनाच्या साथीतील निर्बंधांमुळे एकत्र जमण्यावरच मर्यादा आल्या. दुसरीकडे मंडळांनी भरवलेल्या फुगडी स्पर्धांना चांगला प्रतिसाद मिळतो. वाडीतील किंवा बचत गटातील स्त्रिया संघ तयार करतात, सारख्या रंगाची लुगडी नेसतात आणि आधीपासून सराव करतात. स्पर्धेतील फुगडीला पुष्कळदा पेटी, मृदंग व झांजा यांची साथ असते. स्त्रीशिक्षण, पाणीबचत आणि व्यसनमुक्ती यांसारख्या विषयांवर नवी गाणीही रचली जातात.

या बदलाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. स्पर्धेमुळे तरुण मुली हा खेळ शिकतात, निरनिराळ्या घरांतील व वाड्यांतील स्त्रिया एका संघात येतात आणि गावाबाहेर जाऊन सन्मानाने कला सादर करण्याची संधी मिळते. मात्र ठरावीक वेळेत बसवलेल्या प्रयोगात ऐन वेळी सुचलेल्या कडव्यास वाव उरत नाही. घरच्या खेळात बघणारी व खेळणारी असा भेद फारसा नसतो. रंगमंचावर तो स्पष्ट होतो. ज्या स्त्रीला नाचता येत नाही, पण ताल धरता येतो, तिला घरच्या खेळात जागा होती, ती स्पर्धेत मिळेलच असे नाही.

इतर सामाजिक नृत्यांशी तुलना

जगातील अनेक समाजांत जोडीने किंवा फेराने करावयाची सामाजिक नृत्ये आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स व उरुग्वेतील मोंतेविदेओ या शहरांच्या श्रमिक वस्त्यांत टँगो हे नृत्य आकारास आले. युनेस्कोने २००९ साली त्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश केला. टँगोसाठी भरणाऱ्या मेळाव्यास ‘मिलोंगा’ म्हणतात. तेथे नजरेने निमंत्रण देण्याचा व तीन-चार गाण्यांच्या गटापुरता एकच जोडीदार ठेवण्याचा रिवाज आहे. गुजरातच्या गरब्याचा याच यादीत २०२३ साली समावेश झाला.

टँगो प्रामुख्याने स्त्री-पुरुषांच्या जोडीने आणि वाद्यवृंदाच्या साथीने केला जातो. फुगडी ही स्त्रियांची स्त्रियांसाठी असलेली व वाद्यविरहित कला आहे. तरीही दोहोंत काही साम्ये दिसतात. दोन्ही नृत्ये जोडीदाराच्या तोलावर उभी आहेत, दोहोंत निमंत्रणाचे अलिखित संकेत आहेत आणि दोन्ही रंगमंचावर जाऊनही मूळ मेळाव्यातच पूर्णपणे कळतात.

जतन व अभ्यास

मराठी स्त्रीगीतांच्या संकलनाचे मोठे कार्य साने गुरुजी आणि सरोजिनी बाबर यांनी केले. दुर्गा भागवत यांच्या ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ या ग्रंथाने अशा सामग्रीच्या अभ्यासास शास्त्रीय बैठक दिली. फुगडीच्या बाबतीत केवळ शब्द लिहून घेणे पुरेसे ठरत नाही. चाल, पकव्याचा ताल, हातांची पकड, गाणे कोणत्या क्षणी वेग घेते हा तपशील आणि गाणे सांगणाऱ्या स्त्रीने दिलेला अर्थ यांचीही नोंद आवश्यक असते. ध्वनिचित्रमुद्रणाची साधने आता घरोघरी असल्याने हे काम शाळा व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही आपल्या वाडीत करता येण्याजोगे आहे. मुखोद्गत साठा असलेल्या वृद्ध स्त्रियांची संख्या दरवर्षी घटत आहे. त्यांच्यासोबत त्यांची गाणीही नाहीशी होतात.

हेही पाहा

झिम्मा
मंगळागौर
धालो
दशावतार
मालवणी बोली