देवेंद्र फडणवीस यांचे सौर कृषी ऊर्जा धोरण

भारतीय जनता पक्षाचे नेते देवेंद्र फडणवीस यांच्या ऊर्जाविषयक धोरणात शेतीला दिवसा सौर वीज पुरवण्यास मध्यवर्ती स्थान आहे. मुख्यमंत्री (२०१४–२०१९) आणि २०२२ पासून ऊर्जामंत्री म्हणून त्यांनी हे धोरण राबविले. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने सौर व नवीकरणीय ऊर्जेवर भर देत वीजबिलात ३० टक्के कपातीचे आश्वासन दिले होते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील बहुतांश वीज कोळशापासून तयार होते. कृषिपंपांना ती चक्राकार पद्धतीने, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री मिळते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील सोयगाव तालुक्यासारख्या, अजिंठा डोंगररांगेलगतच्या कापूस उत्पादक भागात रात्रीचे सिंचन म्हणजे सर्पदंश व वन्य प्राण्यांचे भय पत्करणे होय.

स्वरूप

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी (अहिल्यानगर) व कोळंबी (यवतमाळ) येथे तिचे प्रायोगिक प्रकल्प होते. २०२३ मधील ‘योजना २.०’ नुसार २०२५ पर्यंत किमान ३० टक्के कृषी वाहिन्यांचे सौर ऊर्जीकरण व ७,००० मेगावॉट क्षमता असे उद्दिष्ट ठरले. क्षमतेचे लक्ष्य पुढे वाढविण्यात आले. उपकेंद्रालगत प्रकल्प उभारून तेथील वीज थेट कृषी वाहिनीस जोडली जाते. खासगी जमिनीस वार्षिक हेक्टरी १.२५ लाख रुपये भाडे असून त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वाशीम येथून एकूण १९ मेगावॉटचे पाच प्रकल्प लोकार्पित केले. त्यांत वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प होता.

वाहिनीऐवजी स्वतंत्र पंप हवा असणाऱ्यांसाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

परिणाम व मर्यादा

स्वस्त सौर विजेमुळे कृषी अनुदानाचा उद्योग व इतर ग्राहकांवरील भार, तसेच कार्बन उत्सर्जन घटणे अपेक्षित आहे. मात्र ढगाळ हवामानात सौर निर्मिती घटते. शिवाय स्वस्त किंवा मोफत विजेमुळे उपसा वाढून भूजल खालावण्याचा धोका संभवतो. अवर्षणप्रवण मराठवाड्यात विहिरीत पाणीच नसेल, तर दिवसाच्या विजेचाही उपयोग होत नाही. म्हणून जलसंधारण व पीकपद्धतीतील बदल यांची जोड आवश्यक ठरते.