चाकोरी आणि गाडीची उंची

साहित्यचर्चेत 'चाकोरी' हा शब्द आपण इतक्या सैलपणे वापरतो, की त्याचा मूळ अर्थ चिखलमातीचा आहे याचे भान राहत नाही. बैलगाड्यांची चाके वर्षानुवर्षे एकाच वाटेने गेल्यामुळे जमिनीत उमटलेल्या दोन समांतर खोल रेघा म्हणजे चाकोरी. या दोन रेघांच्या मधोमध मातीचा एक वरंबा शिल्लक राहतो. बैलगाडीला त्याचा उपद्रव नाही. तिचे चाक पुरुषाच्या छातीला लागेल इतके मोठे असते आणि आख जमिनीपासून दोन फुटांच्या आसपास उंच. मोटारगाडीचे पोट मात्र जमिनीपासून जेमतेम अर्धा फूट वर असते. बैलगाडीने घडवलेल्या वाटेवर मोटार आली, की ती त्या वरंब्यावर टेकते आणि चाके जागच्या जागी फिरत राहतात. जुनी मोटार उंच करून तिला कामाला जुंपण्याची जी रीत ग्रामीण भागात रुजली, तिचा इतिहास या वरंब्यापासून सुरू होतो, असे आम्हांला वाटते.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील दोन तालुके हा इतिहास वाचण्यासाठी सोयीचे आहेत, कारण वाहतुकीचे सगळे थर तेथे एकावर एक आढळतात. मुरबाडच्या माथ्यावर नाणेघाट आहे. सातवाहन काळापासून कोकण आणि जुन्नर यांच्यामधला व्यापार या घाटाने चाले. दगडात खोदलेल्या त्या चढणीवर चाकाला वाव नव्हता. माल जाई तो माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून. एकोणिसाव्या शतकात शहापूरच्या बाजूने लोहमार्ग आला. १८५५ साली तो कल्याणहून वासिंदपर्यंत पोचला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेला. मुरबाड त्या मार्गापासून बाजूला राहिले. पुढे आग्रा रोड आणि माळशेज घाटातून नगरकडे जाणारा रस्ता ही दोन तालुक्यांची मुख्य सूत्रे झाली. परंतु किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई अशा बाजारगावांपलीकडे डोंगराच्या कुशीत जे ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आहेत, त्यांच्यापर्यंत दीर्घकाळ पोचली ती पायवाट किंवा चाकोरीच.

रस्त्यांविषयीचा सरकारी विचार या काळात झालाच नाही असे नाही. त्याच्या आरंभी एक मराठी नाव आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर अधिक कर बसवावा आणि त्यातून रस्त्यांचा निधी उभारावा, ही तिची महत्त्वाची शिफारस. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. १९४३ च्या नागपूर योजनेने गाव मुख्य रस्त्यापासून किती मैलांच्या आत असावे याचे हिशेब मांडले. १ जून १९४८ रोजी एस. टी. ची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली आणि महाराष्ट्राच्या खेड्याला वेळापत्रक मिळाले. तरीही डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली तेव्हा तिची अट ५०० लोकवस्तीची, आदिवासी आणि डोंगराळ भागात २५० ची होती. पाचपन्नास घरांचा पाडा या आकड्यांत सहज बसत नाही. रस्ता गावापर्यंत येतो, पाड्याच्या अलीकडे थांबतो. उरलेले अंतर कोणी कापायचे? भाताची पोती, भेंडीच्या पाट्या, दुधाचे कॅन, सिमेंटच्या गोण्या, आणि कधी प्रसववेदना सुरू झालेली बाई: हे सर्व त्या उरलेल्या अंतरावरून जावे लागते. गाडी पोचत नाही तेथे झोळी करून खांद्यावरून न्यावे लागते.

येथे जुनी मोटार कथेत प्रवेश करते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला ॲम्बॅसॅडर तयार होई. दोन्हींचा आराखडा युरोपातल्या फरसबंद रस्त्यांचा. डोंगराळ वाटांसाठी खरी योग्य गाडी म्हणजे महायुद्धातून आलेली विलीज जीप. तिची जुळणी महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत सुरू केली. तिचे पोट जमिनीपासून साडेआठ इंचांच्या आसपास उंच होते आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळे. पण जीप घेण्याची ऐपत कोणाची? जिला शहराने टाकले ती गाडी ज्याच्या आवाक्यात आली, त्याने तिलाच उंच करण्याची वाट धरली. १९८४ साली आलेली मारुतीची ओम्नी हे या परंपरेतले अलीकडचे पात्र. मागची आसने काढली की ती मालगाडी होते.

उंच करणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासारखे आहे. या गाड्यांच्या मागच्या बाजूला पोलादी पाटे एकावर एक बांधलेले असतात. त्यांत एखादा पाटा वाढवला, किंवा बसलेले पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक दिला, की गाडीची मागची बाजू वर येते. फियाट किंवा ओम्नीच्या पुढच्या गुंडाळी-स्प्रिंगखाली जाड चकती घातली, की पुढची बाजू उचलली जाते. मात्र यात एक मेख आहे. पाटे वाढवल्याने उंच होते ती गाडीची काया. मागचा आख आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा होता तेथेच राहतो. चाकोरीतल्या वरंब्याला आधी भिडतो तो हाच गोळा. त्याला वर उचलण्याचा सोपा मार्ग एकच, मोठे टायर. आणि टायरचा व्यास दोन इंचांनी वाढवला तर उंची मिळते एक इंच. मग पाट्यांचा उपयोग काय? उपयोग ओझ्याशी आहे. रिकामी गाडी जेथून सुटते तेथेच भरलेली गाडी अडकते, कारण वजनाने पाटे दबतात. वाढीव पाटा भरल्या गाडीची उंची राखतो.

याची किंमत द्यावी लागते. रिकाम्या गाडीला धक्के बसतात. मागची बाजू वर गेल्याने दिव्यांचा झोत खाली पडतो. फिरत्या दांड्याच्या सांध्यांवर ताण येतो. गुरुत्वमध्य वर सरकल्याने घाटाच्या वळणावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो, आणि गाडीत माणसे असतील तर हा धोका केवळ यंत्राचा राहत नाही. कायद्याची भूमिकाही कठोर आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत परस्पर फेरबदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम अधिक काटेकोरपणे वाचले. कायदा चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण कायद्याला गाडीतला फेरबदल दिसतो, त्याचे कारण असलेली वाट दिसत नाही.

जगाच्या इतिहासात याला वेगळी उत्तरे मिळाली आहेत. १९०८ साली आलेली फोर्डची मॉडेल टी मुळातच उंच होती, कारण त्या वेळच्या अमेरिकी खेड्यांतही चाकोऱ्याच होत्या. शेतकऱ्यांनी तिचे ट्रक केले, ट्रॅक्टर केले, आणि त्यासाठी लागणारे सुटे भाग बाजारात मिळत. स्वीडनमध्ये जुन्या मोटारी कापून शेतकरी ट्रॅक्टर बनवू लागले, तेव्हा १९४० साली सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम केले. म्हणजे कारागिराची खटपट बेकायदा ठरवण्याऐवजी तिला मोजमाप आणि मर्यादा घालून दिल्या. आपल्याकडे या खटपटीला कौतुकाने 'जुगाड' म्हटले जाते. त्या शब्दात गुणगान आहे, जबाबदारी नाही. पाड्यावरचा माणूस पेट्रोल विकत घेतो तेव्हा रस्त्याच्या नावाने कर भरतो. रस्ता नसल्यामुळे गाडी उंच करण्याचा खर्च पुन्हा त्याच्याच खिशातून जातो. एकाच रस्त्याचे पैसे तो दोनदा मोजतो.

आपल्या ग्रामीण साहित्याने बैलगाडी आणि एस. टी. यांना भरभरून जागा दिली. म्हशाच्या यात्रेतल्या बैलबाजाराची वर्णने करणारे पुष्कळ निघतील. पाटा किती बाक घेईल हे भट्टीतल्या लालीवरून ओळखणाऱ्या मिस्त्रीचे ज्ञान मात्र कागदावर फारसे आले नाही. ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, ओम्नी २०१९ पासून बनत नाही. या गाड्यांबरोबर त्यांच्या दुरुस्तीची भाषाही ओसरत जाणार. शहापूर-मुरबाडच्या महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकेका गॅरेजात बसून ती भाषा टिपून ठेवली, तर शब्दसंग्रहाबरोबर आणखी एक दस्तऐवज हाती येईल. कोणत्या गावची गाडी किती इंच उचलावी लागली, याची नुसती यादी केली तरी तो त्या तालुक्याच्या रस्त्यांचा, कोणत्याही अहवालाइतकाच विश्वासार्ह इतिहास ठरेल.