तापते तीच तार सांगते

पलूस तालुक्यात उसाला पाणी देणारी मोटर जळली की ती रिवाइंडिंगच्या दुकानात जाते. जळकी तार निघते, तांब्याचे नवे वेढे भरले जातात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी याच भागात किर्लोस्करवाडी वसवली, त्यामुळे पंप आणि मोटर इथे परके नाहीत. म्हणूनच कृत्रिम स्नायूची, म्हणजे तापवला की आखडणाऱ्या धाग्याची, एक शाखा पलूसकरांना चटकन कळेल, असं मला वाटतं.

अशा मोटरच्या वाइंडिंगच्या पोटात सहसा तापमापक नसतो. मग मोटर थंड असताना वेढ्यांचा रोध मोजतात आणि भारावर चालवून बंद केल्याबरोबर पुन्हा मोजतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना १० ओहम असलेली तार १२.३५ ओहम दाखवू लागली, तर ती ८० अंशांपर्यंत तापली आहे. जी तार तापली, तिनेच आपला ताप सांगितला; वेगळा संवेदक लागलाच नाही.

ही युक्ती जुनी आहे. धातू तापला की वीज कमी वाहून नेतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखवलं. पुढे समुद्री तारांच्या कामात विल्यम सीमेन्स यांनी तिचा उपयोग केला. जहाजाच्या पोटात रचलेली तार आतल्या आत तापते का, हे पाहायला त्यांनी थरांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी ठेवली आणि त्यांच्या रोधावरून तापमान काढलं. १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात त्यांनी हा विषय सविस्तर मांडला. दुसरा धागा जोसेफ हेन्री यांचा: वेटोळ्याच्या स्वप्रेरणावरचं त्यांचं काम १८३२ मध्ये प्रसिद्ध झालं. वेढे तेवढेच ठेवून वेटोळं आखूड केलं तर त्याचं प्रेरकत्व, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, वाढतं. हे पुढे फार कामाला येणार होतं.

आता स्नायूकडे वळू. नायलॉन १९३५ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या हाताखाली जन्मलं. त्याचा स्नायू होतो हे कळायला मात्र २०१४ उजाडलं. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतल्या कार्टर हेन्स, रे बॉमन आणि सहकाऱ्यांनी गळाची तंगूस घेतली, टोकाला वजन लावलं आणि पीळ देत गेले. सुतळीला अती पीळ दिला की ती स्वतःवरच गुंडाळते, तशी तंगूसही स्प्रिंगसारखी वळली. ओढून काढलेला नायलॉनचा धागा तापला की जाडीत फुगतो आणि लांबीत किंचित आखडतो. त्यामुळे पीळ उलगडू पाहतो आणि सगळं वेटोळं आखडतं. त्यांनी ४९ टक्क्यांपर्यंत आकुंचन मिळवलं. तेवढ्याच लांबी-वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपट भार हे स्नायू उचलत होते.

पण स्नायू नुसता ओढून भागत नाही. आपण किती आखडलो हे कळलं तरच हात अंड्याला धरू शकतो. वेगळा संवेदक बांधला तर धाग्याचा हलकेपणा जातो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी इथे जुने दोन्ही धागे एकत्र आणले. नायलॉनभोवती गुंडाळलेल्या तापवणाऱ्या तारेचा रोध आणि प्रेरकत्व एकाच वेळी मोजायचं. रोधातून मुख्यतः तापमान, प्रेरकत्वातून लांबी, आणि दोन्हींवरून ताण काढायचा.

अडचणी खऱ्या आहेत. तारेऐवजी चांदीचा मुलामा दिलेला धागा वापरला, तर शेजारचे वेढे एकमेकांना टेकले की रोध एकदम बदलतो. तापताना आणि निवताना मापं एकाच वाटेने जात नाहीत. नायलॉन भाराखाली हळूहळू लांबतं, म्हणून जुळणी पुन्हा करावी लागते. नायक्रोमची तार तापवायला उत्तम, पण तिचा रोध तापमानाने फारसा हलत नाही. मापनासाठी त्यापेक्षा तांबं सरस.

यातलं निम्मं ज्ञान रिवाइंडिंगच्या दुकानात आधीपासून आहे. तेव्हा पलूस परिसरातल्या आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना माझी विनंती: तंगूस, एनॅमलची बारीक तांब्याची तार आणि रोध व प्रेरकत्व मोजणारं एलसीआर मीटर एवढं जमवा, आणि हा स्नायू एकदा स्वतः वळून पाहा.