संगणक, व्यवसाय आणि नीती : मीरा रोड कॉल सेंटर प्रकरणाच्या निमित्ताने

प्रस्तावना

वामन मल्हार जोशी यांनी ‘नीतिशास्त्र-प्रवेश’ या ग्रंथाद्वारे मराठी वाचकास नीतिशास्त्राचा परिचय करून दिला, तेव्हा संगणक अस्तित्वात नव्हता. तथापि, आपल्या कृतीचा परिणाम ज्याला भोगावा लागतो त्याच्याशी आपले नाते कोणते, हा नीतीचा मूळ प्रश्न आजही तोच आहे. संगणकाधारित व्यवसायात हा प्रश्न कसा झाकला जातो, याचा शोध प्रस्तुत लेखात मीरा-भाईंदरमधील एका प्रकरणाच्या आधारे घेतला आहे.

मीरा-भाईंदर येथे १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. शहराच्या पश्चिमेस उत्तन, डोंगरी ही मासेमारी व शेतीवर जगत आलेली गावे आहेत. पूर्वेस रेल्वेच्या आधाराने वाढलेला मीरा रोड आहे. डोंगरीसारख्या गावात विकणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखतात. मापात पाप केले तर दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तोंड दाखवावे लागते. मीरा रोडच्या प्रकरणात ही ओळखच नाहीशी झाली होती.

संगणकीय नीतिविचाराची वाटचाल

स्वयंचलित यंत्रांच्या सामाजिक परिणामांविषयी नॉर्बर्ट वीनर यांनी १९५० मध्येच ग्रंथरूपाने इशारा दिला होता. १९६८ मध्ये डॉन पार्कर यांनी माहितीप्रक्रियेच्या क्षेत्रासाठी आचारनियमांची गरज मांडली. एरवी सचोटीने वागणारी माणसे संगणक कक्षात शिरताना आपली नीती दाराबाहेर ठेवतात, असे त्यांचे निरीक्षण होते. १९८५ मध्ये जेम्स मूर यांनी असे प्रतिपादन केले की, संगणकामुळे नव्या कृती शक्य होतात, परंतु त्यांच्यासाठी नियम नसतात. ही धोरणाची पोकळी भरून काढणे हे संगणकीय नीतिशास्त्राचे कार्य होय.

भारतात ही पोकळी भरण्याचा प्रयत्न माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने केला. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ड नुसार संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पुढील प्रकरण घडले तेव्हा कायदा अस्तित्वात होता.

मीरा रोडचे प्रकरण

ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. साडेसातशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ताब्यात घेण्यात आले व प्रारंभी सुमारे ७० जणांना अटक झाली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, येथून इंटरनेटद्वारे अमेरिकेतील नागरिकांना दूरध्वनी केले जात. बोलणारा स्वतःस तेथील करखात्याचा अधिकारी म्हणवी, थकलेल्या कराचा धाक घाली आणि अटक टाळण्यासाठी प्रीपेड कार्डांच्या रूपाने रक्कम भरावयास लावी.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने अशाच पद्धतीने चालणाऱ्या, प्रामुख्याने अहमदाबादेतील कॉल सेंटरांशी निगडित जाळ्याबाबत ६१ व्यक्ती व संस्थांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केले. जुलै २०१८ मध्ये त्या खटल्यातील २१ जणांना शिक्षा झाल्या. सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांच्या कारावासाची होती. वृद्ध व स्थलांतरित माणसे या फसवणुकीस विशेषत्वाने बळी पडली होती.

चिकित्सा

या प्रकरणास मूर यांची उपपत्ती पुरेशी लागू पडत नाही. येथे नियमांची पोकळी नव्हती. तोतयेगिरी आणि खंडणी हे १८६० च्या दंडसंहितेपासूनचे गुन्हे आहेत. संगणकाने नवा गुन्हा निर्माण केला नाही. त्याने जुन्या गुन्ह्याची व्यावसायिक कामात विभागणी केली. एकाने क्रमांकांची यादी पुरवायची, दुसऱ्याने लिहून दिलेली संहिता वाचायची, तिसऱ्याने रक्कम पदरात पाडून घ्यायची. प्रत्येकाच्या वाट्याला पगार, उद्दिष्ट आणि प्रोत्साहनभत्ता आला; संपूर्ण कृत्य कोणाच्याच वाट्याला आले नाही.

आपण केवळ नोकरी करीत होतो, या बचावाचे मूल्यमापन याच दृष्टीने करावे लागेल. यंत्रणा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञास किंवा नुकत्याच रुजू झालेल्या उमेदवारास सर्व व्यवहार ठाऊक असेलच, असे नाही. परंतु खोटे नाव घेऊन परक्या देशाचा अधिकारी म्हणून धमकावणाऱ्यास आपण खोटे बोलत आहोत, हे कळत नव्हते असे म्हणता येत नाही. जबाबदारी कामाबरोबर वाटली जाते, पण वाटली गेल्याने संपत नाही. रोजगाराची निकड हे त्या तरुणांच्या वर्तनाचे कारण असू शकेल. ते समर्थन ठरत नाही. मात्र त्या निकडीवर ज्यांनी व्यवसाय उभा केला, त्यांचा दोष अधिक मोठा आहे.

समारोप

ताब्यात घेतलेल्यांपैकी अनेक जण विशीतले होते. आपल्या वर्गात बसतात त्याच वयाची ही मुले. म्हणून हा प्रश्न पोलिसांइतकाच प्राध्यापकांचाही आहे. व्यवसायनीती आपण बहुधा व्याख्या, तत्त्वे व कलमे यांच्या रूपाने शिकवितो, आणि विद्यार्थी ती परीक्षेत लिहितो. त्याऐवजी त्याला दोन प्रश्नांची सवय लावणे अगत्याचे वाटते : माझ्या कामाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? आणि माझा तुकडा जोडल्यावर कोणते कृत्य पूर्ण होते? महाविद्यालयात नोकरभरतीसाठी येणाऱ्या आस्थापनांनाही हेच प्रश्न विचारावयास हवेत. डोंगरीच्या विक्रेत्यास दुसऱ्या दिवशी जे तोंड पाहावे लागते, ते पडद्यावर दिसत नाही. ते मनात उभे करण्याची शक्ती विद्यार्थ्याला देणे, हेच या काळातील नीतिशिक्षणाचे खरे कार्य होय.