हाली, कलदार आणि पौंड

संपादक मंडळाने माझ्याकडे शाळेच्या आठवणींवर लेख मागितला होता. त्या आठवणी इतर जण माझ्यापेक्षा छान लिहितील. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा विषयही तिथलाच घेतो. निमित्त आपल्या 1988 च्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपचे आहे. गेली तीन वर्षे तिथे वाढदिवसांच्या खालोखाल एकच चर्चा चालते: कोणाच्या मुलीला कुठे ॲडमिशन, कर्ज किती, तारण काय ठेवले, आज डॉलर कितीला. आपण दहावी झालो तेव्हा डॉलर 14 रुपयांच्या आसपास होता, पण तो कितीला आहे हे आपल्यापैकी कोणाच्या वडिलांना ठाऊक नव्हते.

आजोबांना मात्र हुंडणावळ ठाऊक होती. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्याचे नाणे वेगळे: हाली सिक्का. ब्रिटिश हद्दीतला रुपया तो कलदार. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. म्हणजे इथला मुलगा पुण्याला शिकायला निघाला, तर घरून निघालेल्या पैशातला सातवा हिस्सा बदलण्यातच जायचा. पदवी करायची तर हैदराबाद गाठायचे, नाहीतर हद्द ओलांडायची. 1938 मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठाच्या कॉलेजांतून मुलांना काढले, त्यात आपल्या औरंगाबादचीही मुले होती. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतले. नकाशावर ते देशातच होते. पण राज्य दुसरे, नाणे दुसरे, घर लांब. माझ्या मते परदेशी शिक्षणाचा हिशेब मराठवाड्यात तिथूनच सुरू होतो.

आता ज्या माणसाचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवत असे, त्याच्याकडे येतो.

1913 साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. रुपया तेव्हा 1 शिलिंग 4 पेन्सला बांधलेला होता, म्हणजे पौंडाला 15 रुपये. त्या दराने ही रक्कम महिना सुमारे 172 रुपये होते, अमेरिकेत 56 डॉलरच्या आसपास. इथल्या कारकुनाच्या डोळ्यांना ती मोठी वाटली असती. पण त्यातूनच राहणे, जेवणे, पुस्तके, आणि त्यातूनच मुंबईला घरी पैसे पाठवणे. ही शेवटची बाब विद्यापीठाच्या कोणत्याही खर्चाच्या तक्त्यात नसते. आजही नसते.

तिथून ते 1916 मध्ये लंडनला गेले आणि तिथल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा शिक्षण अर्धे होते. 1917 मध्ये परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी हातात होती. मागून येणारी पुस्तके ज्या बोटीवर होती ती महायुद्धात टॉर्पेडोने बुडाली. करारानुसार बडोद्याला रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून त्या शहरात राहायला खोली मिळेना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात 450 रुपयांवर प्राध्यापकी केली, काटकसरीने पैसे साठवले आणि जुलै 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. शाहू महाराजांनी 1,500 रुपये दिले आणि नवल भथेना यांनी 5,000 रुपये कर्जाऊ. हे भथेना म्हणजे कोलंबियाच्या वसतिगृहातले मित्र. ना बँक, ना तारण. स्मरणिकेत हे मुद्दाम लिहितो, कारण आपणही एका बाकावरचेच मित्र आहोत.

पण वेळ फार वाईट होती. 1920 च्या सुरुवातीला रुपया अडीच शिलिंगांच्या वर चढला होता. सरकारने दोन शिलिंगांचा दर ठरवला, तो टिकला नाही. 1921 मध्ये रुपया जुन्या 1 शिलिंग 4 पेन्सच्याही खाली आला. दोन शिलिंग दराने 5,000 रुपयांचे 500 पौंड होतात. 1 शिलिंग 4 पेन्सने 333. रुपये तेवढेच, आणि शिक्षणाचा तिसरा हिस्सा वाटेत नाहीसा! लंडनहून भथेनांना पैशासाठी पत्रे लिहावी लागली. बसचे पैसे वाचवून पायी फिरणे, रात्री भुकेला पापड, हे चरित्रकार धनंजय कीरांनी लिहून ठेवले आहे. इकडे मुंबईत रमाबाई संसार ओढत होत्या. आणि याच दिवसांत बाबासाहेब प्रबंध लिहीत होते तो रुपयाच्या प्रश्नावर. हुंडणावळ स्थिर असली तरी बाजारात रुपयाला काय मिळते ते स्थिर आहे का, असे विचारणारा हा ग्रंथ 1923 मध्ये लंडनला छापला गेला. ज्या विषयाचा अभ्यास चालू होता, तोच विषय त्यांच्या खिशातही चालू होता.

1950 मध्ये याच माणसाच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या गावात कॉलेज काढले, पुढचे मिलिंद महाविद्यालय. 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद कोनशिलेला आले. नागसेनवनात वसतिगृहे झाली आणि खेड्यातल्या मुलाला हैदराबादचा खर्च उरला नाही. परदेशी पदव्या घेतलेल्या माणसाने पोरांना घराजवळ कॉलेज द्यावे, यात मला विसंगती दिसत नाही. खर्च म्हणजे काय, हे त्याला पुरते ठाऊक होते.

आता आपले. 20 लाखांचे कर्ज 70 च्या दराने 28,600 डॉलर होते, 83 च्या दराने 24,100. हप्ता मात्र 20 लाखांवरच. जर्मनीला जाणाऱ्याला वर्षाचे 11,904 युरो आधीच खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि महिना 992 हातात येतात. बडोद्याच्या साडेअकरा पौंडांसारखेच, फक्त भरणारे आपण. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा 75. बाकीच्यांचे सयाजीराव म्हणजे सिडकोतला प्लॉट. ग्रुपवर मी एकदा लिहिले होते, ते इथेही लिहितो: फीचा आकडा सांगू नका, घरी महिन्याला काय उरते ते सांगा. कोणी उत्तर दिले नाही.

आपल्या विद्यापीठात येमेनची मुले वर्षानुवर्षे शिकली. तिकडे युद्ध पेटले, रियाल कोसळला, आणि त्यांच्यासाठी औरंगाबादचे भाडे महाग झाले. त्यांच्या लेखी परदेश म्हणजे आपण.

लंडनमध्ये बाबासाहेब 1921-22 मध्ये जिथे राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. तिथे आता स्मारक आहे. मुलांना सोडायला जाल तेव्हा चॉक फार्म स्टेशनला उतरा; तिथून चालत जाता येते.