‘ब्रिंग अबाउट’ म्हणजे नेमकं काय? कुठे आणि कसं वापरायचं?

नोकरीची मुलाखत असो की लिंक्डइनवरची पोस्ट, ‘आय वॉन्ट टू ब्रिंग अबाउट चेंज’ हे वाक्य हमखास भेटतं. ‘ब्रिंग’ म्हणजे आणणे, ‘अबाउट’ म्हणजे बद्दल, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. पण दोन्ही जोडले की ‘बदलाबद्दल आणणे’ असं काहीतरी हाती लागतं आणि गाडी तिथेच अडते.

हे फ्रेजल व्हर्ब आहे, म्हणजे दोन शब्द मिळून एक क्रियापद. अर्थ आहे ‘घडवून आणणे’. गंमत म्हणजे मराठीतही इथे ‘आणणे’ आहेच! याचंच भावंड म्हणजे ‘कम अबाउट’, अर्थात ‘घडून येणे’. ब्रिंग-कम, आणणे-येणे. ही जोडी लक्षात ठेवली की निम्मं काम झालं. कुणी किंवा कशामुळे घडलं ते सांगायचं असेल तर ‘ब्रिंग अबाउट’, नुसतं घडलं एवढंच सांगायचं असेल तर ‘कम अबाउट’.

उदाहरण घेऊ. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्याबद्दल लिहिता येईल, ‘द फुलेज ब्रॉट अबाउट अ चेंज इन गर्ल्स एज्युकेशन’. भूतकाळात ‘ब्रिंग’चं ‘ब्रॉट’ होतं. घाईत ‘बॉट’ टाइप झालं तर मात्र पंचाईत, कारण त्याचा अर्थ ‘विकत घेतलं’!

सगळ्यात जास्त चूक होते ती सर्वनामाच्या जागेत. ‘ब्रिंग अबाउट चेंज’ बरोबर, पण ‘ब्रिंग अबाउट इट’ चूक. ‘इट’, ‘धिस’ असे छोटे शब्द मधे बसतात: ‘व्हॉट ब्रॉट धिस अबाउट?’ म्हणजे हे कशामुळे घडलं?

पुढे येणारे शब्दही बहुधा वजनदार असतात: चेंज, रिफॉर्म, पीस, रेव्होल्यूशन. ‘डाउनफॉल’ही चालतो, म्हणजे घडणारी गोष्ट चांगलीच हवी असं नाही. पण रस्त्यावर ट्रॅफिक जॅम झाला, फोन हँग झाला, अशा रोजच्या कटकटींसाठी हे क्रियापद जरा जडच वाटतं. तिथे साधं ‘कॉज’ पुरतं.