आजीव सेविका (हिंगणे परंपरा)

पुण्याजवळच्या हिंगणे बुद्रुक येथील स्त्रीशिक्षणसंस्थेत शिकून पुढे तिच्याच कामाला आयुष्य वाहणाऱ्या स्त्रिया. अमेरिकी महाविद्यालयांत विद्यार्थिनींची भगिनीमंडळे (सोरॉरिटी) असतात आणि त्यांचे सभासदत्व पदवीनंतरही टिकते. महाराष्ट्रात त्याला सर्वांत जवळचा नमुना हिंगण्याचा. फरक असा, की तिकडे मंडळाच्या ओळखीतून नोकरी मिळते. हिंगण्यात नोकरी, घर, गोतावळा आणि समाजकार्य हे सगळे एकाच ठिकाणी होते.

पार्श्वभूमी : धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांनी १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम पुण्यातून हिंगण्याच्या माळावर गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९०८ मध्ये या दोन्ही कामांना माणसे पुरवण्यासाठी निष्काम कर्ममठ निघाला. फर्ग्युसन महाविद्यालय चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे कर्वे आजीव सभासद होते आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा भारत सेवक समाज १९०५ मध्ये निघालेला होता. मठाच्या कल्पनेवर या दोन्हींची छाप आहे. पुढे तिन्ही संस्था एकत्र झाल्या आणि मठाचे वेगळे अस्तित्व संपले. आजीव सेवकत्व मात्र चालू राहिले. मठात पुरुषही होते, पण या नोंदीचा विषय स्त्रिया.

शपथ : मठात येणाऱ्याने आपले सर्व बळ कामाला द्यावे, स्वतःसाठी लाभ शोधू नये, बहुमताने ठरेल त्या सोयीत समाधान मानावे, राहणी साधी व वागणूक शुद्ध ठेवावी, दुसऱ्याच्या धर्ममतांविषयी उदार असावे, कोणाचा द्वेष करू नये, अशी शपथेची कलमे होती. त्यातले बहुमताचे कलम प्रस्तुत नोंदकाराला सर्वांत महत्त्वाचे वाटते. सासरी-माहेरी ज्या स्त्रीचे मत कोणी विचारत नव्हते, तिला येथे मत होते आणि ते मोजले जात होते. चरित्रकारांनी त्यागावर पाने खर्ची घातली आहेत, या मताच्या हक्काकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) : या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव, कारण त्यांनी स्वतः लिहून ठेवले. जन्म देवरुखचा, माहेरच्या जोशी. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. बहीण गोदूबाई ही पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील (१८८९) पहिली विधवा विद्यार्थिनी. तिने १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे झाली. पार्वतीबाई बहिणीच्या घरी आल्या, मोठ्या वयात पाटी-पेन्सिल घेऊन बसल्या, शिकून आश्रमात शिकवू लागल्या आणि पुढे आश्रमाची वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. गावोगाव सभा घ्यायच्या, व्याख्यान द्यायचे आणि मग मदत मागायची, अशी ही पद्धत. सोवळ्या विधवेच्या वेशामुळे कर्मठ घरांचे दरवाजे त्यांना उघडत, हेही खरे. १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन सोडले. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी पैसा जमवावा म्हणून १९१८ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. हाती पैसे नव्हते. परक्या घरांत भांडी घासण्यापासून पडेल ते घरकाम करून त्यांनी दिवस काढले व १९२० मध्ये परतल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ मध्ये निघाले. लगोलग त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. पुनर्विवाहाला त्यांचा सरसकट पाठिंबा नव्हता. सख्खी बहीण पुनर्विवाहित असताना त्यांनी हे मत मोकळेपणाने मांडले, यावरून हे भगिनीमंडळ एकमताचे नव्हते एवढे नक्की.

बाया कर्वे : पुनर्विवाहित असल्याने आश्रमापासून त्यांना अंतर राखावे लागले, आश्रमावर पुनर्विवाहाचा शिक्का बसू नये, हे कर्व्यांचे धोरण होते. बायांनी नागपूरला सुईणीचे शिक्षण घेतले. आत्मचरित्र ‘माझे पुराण’.

अन्य सेविका : वेणूबाई नामजोशी पार्वतीबाईंच्या बरोबरीच्या. पुढच्या पिढीत वारूबाई शेवडे, सीताबाई अण्णीगेरी. न. चिं. केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे यांनी प्राग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. प्राचीन भारतातील बालक हा त्यांचा विषय. ‘स्मरणसाखळी’ हे त्यांचे आत्मचरित्र.

नोकरी व पदवी : १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. शिक्षण मातृभाषेतून, पदवी ‘गृहीतागमा’, म्हणजेच जी. ए. स्वातंत्र्यानंतर कायदा होईपर्यंत या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. त्यामुळे जी. ए. झालेल्या मुलीला सरकारी शाळेचा रस्ता जवळजवळ बंद. तिला सामावून घेणार कोण, तर संस्थेच्याच शाळा आणि त्यांना मानणारी गावे. वाई व सातारा येथील कन्याशाळा याच कुटुंबातल्या. सेविकांचे आयुष्य संस्थेत गुंतून राहिले याला निष्ठेइतकीच ही अडचणही कारणीभूत होती. गौरवग्रंथ निष्ठेवर थांबतात.

भाऊबीज निधी : माजी विद्यार्थिनींच्या स्वयंसेवेचे सर्वांत टिकाऊ रूप. दिवाळीच्या दिवसांत आजी-माजी विद्यार्थिनी व शिक्षिका पावतीपुस्तके घेऊन नातेवाईक, शेजारी, नवऱ्याच्या कचेरीतली माणसे यांच्याकडे जातात आणि भाऊबीज म्हणून संस्थेसाठी ओवाळणी मागतात. रक्कम थोडी चालते, पावती मात्र दिलीच जाते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगी वर्षातून एकदा संस्थेशी बांधली जाते ती या पुस्तकाने. सासरच्या चार माणसांत उभे राहून पैसे मागायचे, हिशेब लिहायचा, पुस्तक परत पाठवायचे : पुष्कळ गृहिणींचा सार्वजनिक कामाशी पहिला संबंध असा आला. देणगीदारांची नावे अहवालांत छापली जातात, मागणाऱ्या बायकांकडे मात्र इतिहासाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

जात : सुरुवातीच्या काळात आश्रमातील मुली प्रामुख्याने ब्राह्मण होत्या. आपली बहीण जनाक्का हिला तेथे प्रवेश मिळाला नाही, असे विठ्ठल रामजी शिंदे यांच्या आठवणींत आहे. कारणांविषयी मतभेद संभवतात. जनाक्का पुढे शिंदे यांच्या अस्पृश्योद्धाराच्या मिशनमध्ये काम करीत राहिल्या.

सेवासदन : रमाबाई रानडे व गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात स्थापन केले. परिचारिका व शिक्षिका तयार करण्यावर भर. हिंगण्याहून वेगळे म्हणजे येथे संसार सांभाळून काम करता येई, शपथेची अट नव्हती.

बाहेरचे जग : अमेरिकेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचे अल्फा कप्पा अल्फा हे पहिले मंडळ हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्येच, म्हणजे मठाच्याच वर्षी निघाले. त्याच विद्यापीठातील डेल्टा सिग्मा थीटा मंडळाच्या सभासद स्थापनेनंतर काही आठवड्यांतच मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनमधील मताधिकार मोर्चात चालल्या. या मंडळांच्या पदवीधर शाखा शिष्यवृत्त्या, मतदारनोंदणी अशी कामे करतात. बंधन शपथेचे, पण पोटाचा उद्योग वेगळा. हिंगण्याशी तुलना येथे संपते.

मराठवाडा : औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) अशी परंपरा रुजली नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षण प्रामुख्याने उस्मानिया विद्यापीठामार्फत व उर्दूतून होते. १९२३ चे येथील इंटरमीजिएट कॉलेजही त्याच पठडीतले. मराठी मुलीला उच्च शिक्षणासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९४८ मध्ये ती राजवट संपल्यावर चित्र बदलले : १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (पुढचे मिलिंद), १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. आजच्या महाविद्यालयांतील माजी विद्यार्थी संघ बव्हंशी नॅक या महाविद्यालये तपासणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनात त्यासाठी गुण असल्याने नोंदवले जातात आणि त्यांच्या बैठकांची इतिवृत्ते त्याच फायलीत राहतात. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत पन्नास-साठच्या दशकांत शिकलेल्या विद्यार्थिनी आज ऐंशी-नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांची पत्रे, संमेलनांचे अंक, छायाचित्रे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत, जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावीत.